बुवा थांबायचे तेवढा वेळ

या, असे जरा जवळ या. भिंतीला टेकलात तरी चालेल, फक्त पाय आखडून घ्या, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. आज सांगायची आहे ती गोष्ट एका गाण्याची आणि रबराच्या एका वायसरची. असली जोडी देवच जमवू जाणे. गोष्ट लांबलचक नाही. पण मधूनच उठून जाऊ नका. कच्ची राहिलेली गोष्ट पोटात घेऊन घरी जाण्यात काही राम नाही.

तर काकूंनी परत आलेल्या खोक्यातला एक वायसर उचलला, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरला आणि जोर लावून दाबला. मग बोटं सैल सोडली. वायसर दबला तसाच राहिला. त्यांनी दुसरा उचलला. मग खोक्याच्या अगदी तळाशी हात घालून तिसरा काढला, जणू तळाचे वायसर वरच्यांपेक्षा शहाणे निघतील. तोही तसाच.

"सगळे असेच आहेत, काकू," समोर स्टुलावर बसलेले तक्तेवाले साहेब म्हणाले. "पंपात बसवले की सुरुवातीला ठीक वाटतात. मग चेपतात ते चेपतातच. पाणी गळायला लागतं."

त्यांच्यासमोर ठेवलेल्या चहावर साय धरली होती. एरवी चहा आला की अर्धा पिऊन मग खुशाली विचारणारे हे गृहस्थ. आज त्यांनी कपाला हात लावला नव्हता, आणि काकूंनी ते केव्हाच टिपलं होतं.

साहेब पंपाच्या कारखान्यातून यायचे. काकूंच्या शेडमध्ये वायसर व्हायचे आणि तो कारखाना ते विकत घ्यायचा. या शेडला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ज्यांच्याकडून माल घ्यायचा त्यांना तो नीट करायला शिकवायचं, ही साहेबांची नोकरी. ते आले की भिंतीवर एखादा नवा तक्ता लागायचाच. ताव किती, दाब किती, साचा किती वेळ बंद ठेवायचा. म्हणून शेडमध्ये त्यांचं नाव तक्तेवाले. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा तर फोनवर त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, "हॅलो, मी तक्तेवाला बोलतोय," आणि पलीकडे बुवा इतके हसले होते की फोन काकूंना घ्यावा लागला होता.

बुवा म्हणजे काकूंचे यजमान. साच्यातलं रबर तापवून दाबायच्या प्रेसवर उभे राहून भजन म्हणायचे म्हणून बुवा. त्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. ते गेले आणि प्रेस काकूंनी हातात घेतली. रबराच्या पट्ट्या कापायला धाकटे दीर होते, ते आधीपासूनच होते. आणि दाराजवळच्या उजेडात बसून तयार वायसरची जास्तीची कड कातरायला मावशी होत्या. मावशींची कातरी आणि जीभ, दोन्हींना कधी धार लावावी लागली नव्हती.

"तुम्ही काय सांगायला आलात ते सांगून टाका, साहेब," काकू म्हणाल्या. "चहा निवला."

साहेबांनी कपाकडे पाहिलं आणि तो थोडा बाजूला सरकवला.

"वर ठरलंय. आता जो माल जाईल तो पास झाला नाही, तर काम दुसरीकडे द्यायचं. आणखी दोन शेड बघून ठेवल्यात. मी एवढंच मागून घेतलं, की आधी एक दिवस मला इथे बसू द्या. बुवांच्या हाताखाली शेवटी शेवटी एकही वायसर परत येत नव्हता. ते काहीतरी वेगळं करत होते. ते काय, हे सापडलं पाहिजे."

"आणि सापडलं की?" दिरांनी पट्टी कापता कापता मान वर न करता विचारलं.

"सापडलं तर काम तुमच्याकडे राहील. पण ते त्या दोन शेडनाही शिकवायला मला सांगितलंय. आधीच सांगतो. गुपचूप नेणार नाही."

"म्हणजे आमच्याकडून शिकायचं आणि आमच्याच पोटावर बसणाऱ्यांना शिकवायचं. बरी आहे तुमची शाळा."

"भाऊजी," काकू म्हणाल्या. एवढंच. दिरांनी सुरी पुन्हा रबरावर ठेवली.

मग शोध सुरू झाला. साहेबांनी प्रेसच्या दोन्ही गरम तव्यांचा ताव मोजला. तक्त्यात लिहिला होता तितकाच होता. दाबाचा काटा पाहिला, तोही जागेवर. रबर कारखान्यानेच पाठवलेलं, तेव्हा त्यात खोट काढायची सोयच नव्हती. साचा पुसून, बोट फिरवून, भिंगातून पाहून झाला. वेळ तर काकू घड्याळाला चिकटून पाळायच्या. प्रेससमोरच्या फळीवर त्यांनी टेबलावरचं घड्याळ आणून ठेवलं होतं, आणि साचा बंद केला की त्या काट्यावरची नजर हलवायच्या नाहीत. दूध उतू जाईल अशा भीतीने बघावं, तशा.

"सगळं तक्त्याप्रमाणे आहे," साहेब शेवटी म्हणाले, आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा पडला. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

"तक्त्यात सगळं मावतं होय," दारातून मावशी बोलल्या. "बुवा गायचे. ते कुठल्या तक्त्यात लिहिलंय?"

कातरी थांबली. दिरांची सुरीही. बुवा गेल्यापासून शेडमध्ये कोणी गायलं नव्हतं. तसं कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी दिरांनी सवयीने रेडिओच्या बटणाकडे हात नेला होता, आणि काकूंकडे बघून मागे घेतला होता. तेव्हापासून रेडिओवर धूळ बसत होती, ती पुसायलाही कोणी गेलं नव्हतं.

साहेब मात्र हसले. दुःखी माणूस आठवणीने हसतो तसे.

"मावशी, ते गाणं माझ्याच तक्त्यावर बसवलेलं आहे. मी नवीन होतो. बुवा म्हणाले, साहेब, हातात हे जाड मोजे, एक हात दांड्यावर, आणि घड्याळ माझ्या पाठीमागे. मी मान वळवू की साचा बघू? मग म्हणाले, माझ्या आईचं एक पद आहे, ते म्हणून बघतो. त्यांनी म्हटलं, मी घड्याळ लावलं. धृपद आणि दोन कडवी, बरोबर वेळेत. तेव्हापासून ते गाण्यावर रबर शिजवायचे. पण गाणं म्हणजे तक्ताच. दोन्ही एकच."

"मग वहिनी घड्याळावर करतात तेही तेच झालं," दीर म्हणाले.

"तेच झालं."

"मग गाण्याने रबर जास्त चांगलं शिजतं, असं लिहून टाका. देवाच्या नावाने का होईना, माल पास होईल."

कोणी हसलं नाही. दिरांनाही हसू आलं नाही. साहेब उठले आणि भिंतीवरच्या ढालीसमोर जाऊन उभे राहिले. उत्तम मालाबद्दल कारखान्याने दिलेली ती ढाल. ती द्यायला साहेबच आले होते. बुवांनी ती दोन्ही हातांनी घेतली होती, आणि फोटो काढेपर्यंत जवळच्या खुर्चीवर टेकले होते. मान मिळाला की माणूस असा ओशाळतो, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

"सुरुवातीला थोडा माल परत यायचाच," साहेब ढालीकडे बघत म्हणाले. "तेव्हा तो आम्हाला चालायचा. मग बुवांचा माल सुधारत गेला. इतका, की आमच्या लोकांनी त्या भरवशावर पंपाचा दाब वाढवला. आता पहिल्यासारखा वायसर त्यात टिकतच नाही. मी त्यांना किती वेळा विचारलं, बुवा, काय बदललंत? ते म्हणायचे, मी कुठे काय केलं, वय झालं."

"काकू," साहेब वळले. "एकदा तुम्ही करून बघाल? ते करायचे तसंच. गाण्यासकट."

"साहेब, काही विचार आहे का तुम्हाला," दीर सुरी ठेवून उठलेच. "त्यांना गायला लावता?"

गाणं काकूंना येत होतं. संसारभर रोज कानावर पडलेलं ते. यायचं राहील कसं? पण ते घशाखाली कुठेतरी ठेवून दिलं होतं आणि तिथपर्यंत जायची त्यांची छाती होत नव्हती. शिवाय सापडलं तर साहेब ते उचलून दुसऱ्या दोन शेडमध्ये नेणार. तिथे कोणी परका माणूस ते शिकणार. काकूंनी दाराकडे पाहिलं. मावशी कातरी मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मावशींच्या घरातलं अन्न याच दारातून जायचं, आणि दिरांच्याही.

त्यांनी मोजे चढवले.

पट्टी साच्यात बसवली, साचा तव्यांमध्ये सारला, दांडा खाली ओढला. घड्याळ फळीवरून उचलून साहेबांनी पाठीमागे ठेवलं आणि स्वतःच्या मनगटावरचं हातात घेतलं. काकूंनी डोळे मिटले.

"थांब जरा माझ्यापाशी, वाट अजून दूर,
रिकाम्या या ओंजळीत तुझाच एक सूर..."

आवाज पहिल्या शब्दावर चिरकला, मग सरळ झाला. धृपद झालं, दोन्ही कडवी झाली. त्यांनी दांडा उचलला.

"बरोबर तक्त्याइतकं," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा होती.

वायसर काढला, निवू दिला, दाबला. दबला तो दबलेलाच राहिला.

"चला, म्हणजे गाण्यानेही नाही," दीर म्हणाले.

"हे त्यांचं गाणं नाही," काकू म्हणाल्या. "हे मी म्हटलं. ते असं सलग कुठे म्हणायचे?"

"सलग नाही, ते खरं," मावशी पुढे सरकल्या. "बुवा थांबत थांबत म्हणायचे. एक शब्द म्हटला की गप्प. मग दुसरा. काय ते गाणं. पहिल्या पहिल्यांदा नव्हतं तसं, पण पुढे पुढे अगदी भरून यायचे."

"मी विचारलं होतं एकदा, दादा, मध्येच का थांबतोस," दीर म्हणाले. "म्हणाला, देवाला पण बोलू द्यावं की माणसाने. आपणच किती बोलायचं?"

"तेच तर. देव बोलतो तेवढा वेळ बुवा गप्प, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे." मावशींनी पदराने नाक पुसलं. "मला तर काही वेळा वाटायचं, मलाही ऐकू येतंय."

साहेबांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तसं म्हणता येईल, काकू?"

दुसरी पट्टी साच्यात गेली. दांडा खाली आला.

"थांब..."

"हं, इथे," मावशी पुटपुटल्या.

"...जरा माझ्यापाशी..."

"नाही वहिनी, 'जरा'नंतर पण. आणि 'माझ्यापाशी' झालं की चांगला मोठा."

दीर आता प्रेसजवळ येऊन उभे होते. प्रत्येक थांबा त्यांना पाठ होता. मावशींनाही. 'वाट'नंतर एक, 'अजून'नंतर छोटा, 'दूर' म्हणायचं ते अगदी हलक्याने, सोडून दिल्यासारखं. दोघं बोट वर करून काकूंना थांबवत होती, बोट खाली करून पुढे जायला सांगत होती. कितीतरी दिवसांनी त्या शेडमध्ये माणसांच्या चेहऱ्यांवर थोडा उजेड आला होता. बुवाच मधोमध उभे आहेत आणि सगळी त्यांना साथ करताहेत, असं ते दिसत होतं.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं, तेही पहिल्यासारखंच धृपदाच्या ओंजळीच्या ओळीवर येऊन संपणारं.

थांबायचं म्हणजे नुसतं गप्प राहायचं नसतं. त्या गप्प वेळात शरीराने काहीतरी करायचं असतं. काकू ते आठवू लागल्या. ते थांबले की दांड्यावरची मूठ घट्ट व्हायची. काकूंनी मूठ घट्ट केली; रंग उडून गुळगुळीत झालेल्या लोखंडावर ती बरोबर बसली. ते किंचित पुढे झुकायचे. काकू झुकल्या. खांदे वर जायचे. काकूंचे खांदे वर गेले. आणि तोंड, देवाकडे बघून आश्चर्य वाटावं तसं, थोडं उघडं राहायचं. काकूंनी तोंड उघडलं.

तोंडातून हवा आत गेली.

त्यांनी डोळे उघडले. समोर कोणी नव्हतं, नुसता गरम तवा आणि बंद साचा. मावशींचं बोट खाली आलं होतं. पुढचा शब्द म्हणायचा होता. काकूंच्या तोंडून तो निघेना.

"वहिनी, पुढे," दीर हळूच म्हणाले.

त्यांना जिना आठवला. घरी वर जाताना ते मध्येच कठड्याला टेकायचे आणि म्हणायचे, तू हो पुढे, मी जरा खिडकीतून रस्ता बघतो. रस्त्यावर बघण्यासारखं काही नसायचं. उशाला एकावर एक उशा चढल्या, तेव्हा म्हणाले होते, उंचावरून स्वप्नं चांगली दिसतात. त्या हसल्या होत्या. स्वतःच्या हाताने आणखी एक उशी करून दिली होती, नवा कापूस घालून. आणि शेवटच्या त्या धावपळीत डॉक्टरांनी विचारलं होतं, हे छातीचं दुखणं आजकालचं नाही, फार जुनं आहे. घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

"...ओंजळीत..." काकू म्हणाल्या.

मूठ घट्ट. खांदे वर. तोंड उघडं.

"...तुझाच..."

गाणं त्यांनी पुरं केलं. अर्धवट सोडलं नाही. साचा बंद होता, आणि बंद साचा वेळेआधी उघडायचा नाही हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. 'सूर' हा शब्द ओठांवर नुसताच आकार होऊन राहिला. मग त्यांनी दांडा उचलला.

साहेब हातातल्या घड्याळाकडे बघत होते. त्यांनी ते कानाशी नेलं, ठीक चालतंय ना म्हणून, आणि पुन्हा पाहिलं.

वायसर निवला. दिरांनी उचलला आणि दाबला. बोटं सोडली तसा तो टुणकन गोल झाला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग हसले आणि तो साहेबांच्या पुढ्यात धरला.

"घ्या. दादाचा वायसर."

साहेबांनी घेतला, दाबला, भिंगाखाली धरला. "वेळ," ते म्हणाले. "फक्त वेळ. तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त. बुवा जास्त वेळ शिजवत होते, आणि मी..." त्यांचा चेहरा उजळला होता. तो काकूंकडे वळला आणि तसाच थिजला.

काकू मोजे काढत होत्या. एकेक बोट सोडवत, सावकाश.

"साहेब, ती ढाल तुम्ही कधी दिलीत?"

"बुवा गेले त्याच्या आदल्या वर्षी. का?"

"भाऊजी, तेव्हा ते असेच थांबायचे का हो?"

"त्याच्या आधीपासून," दीर म्हणाले. "थोडं थोडं. मग ते वाढत गेलं. शेवटी शेवटी तर एका ओळीत चार-चार वेळा..."

ते बोलायचे थांबले. चार दाखवायला उघडलेली हाताची बोटं अजून तशीच होती. त्यांनी ती मिटून घेतली, आणि मोठ्या भावासमोर उभं राहावं तसे खाली बघत उभे राहिले.

मावशींनी एकदा दिरांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग तोंडावर पदर धरून त्या दारात जाऊन बसल्या. कातरी त्यांनी उचलली नाही.

साहेबांच्या हाती तो वायसर होता. ढाल देताना आपण काय बोललो होतो, ते त्यांना आठवत असावं. बुवांच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले होते, असंच चालू ठेवा. तो हात त्यांनी आता खिशात घातला.

मग ते म्हणाले, "तक्ता बदलावा लागेल."

"बदला."

"वेळेपुढे कारणाचा रकाना असतो. त्यात काय लिहू, काकू?"

काकूंनी विचार केला. "लिहा, रबर आतपर्यंत शिजावं म्हणून. खोटं नाही ते."

"आणि त्या दुसऱ्या शेडना..." साहेबांना वाक्य पुरं करवेना.

"न्या."

"वहिनी," दीर म्हणाले. पण त्या हाकेत आता विरोध नव्हता.

"नेऊ दे, भाऊजी. त्यांनी कुठे लपवून ठेवलं होतं? रोज आपल्यासमोर उभं राहून थांबत होते."

त्यांनी नवी पट्टी साच्यात ठेवली आणि दांडा खाली ओढला. या वेळी कोणी गायलं नाही, आणि घड्याळ मागेच राहिलं. चौघंही उभी राहिली, नुसती, आणि वेळ पुरा झाला तो चौघांनाही एकदमच कळला.

काम राहिलं. थोडं त्या दोन शेडकडे गेलं, बरंचसं इथे राहिलं. नवा तक्ता तिन्ही ठिकाणी लागला, पुढे आणखीही कुठे कुठे गेला असेल. चांगला तक्ता हिंडत राहतो. तिथली माणसं त्या वेळेला कंटाळतात म्हणे. साचा बंद करून ठेवायचा आणि इतका वेळ हात बांधून उभं राहायचं, कशासाठी? रकान्यात कारण दिलेलं असतं, ते वाचून गप्प बसतात.

आता उठा, उशीर झाला. पण जाता जाता एवढं करा. कधी कुणी बोलता बोलता, गाता गाता, जिना चढता चढता मध्येच थांबला, आणि त्याने हसून काहीतरी कारण सांगितलं, तर लगेच पुढे जाऊ नका. क्षणभर त्याच्यापाशी उभे राहा, आणि आमच्या बुवांची आठवण काढा.